काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा का जुळवावा लागतो

मोटारीची समोरची काच फुटली की जुनी कापून काढायची, कडा साफ करायच्या, नवी चिकटवायची आणि पाणी मारून कुठे गळत नाही ना ते पाहायचं. बंपर चेपला तर सरळ करायचा, पुटी भरायची, रंगाची छटा जुळवायची. काम चोख झालं की नाही, हे डोळ्यांनी आणि हाताने ठरायचं. आता याच दोन कामांनंतर गाडी सपाट फरशीवर उभी केली जाते, तिच्यापुढे मोजून-मापून काळ्या-पांढऱ्या नक्षीचे फलक लावले जातात, गाडीच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर जोडला जातो आणि ‘सरळ समोर’ म्हणजे नेमकं कुठे, हे आपोआप ब्रेक लावण्यासारख्या कामांसाठी बसवलेल्या काचेमागच्या कॅमेऱ्याला व बंपरमागच्या रडारला नव्याने समजावलं जातं. बिलात ‘कॅलिब्रेशन’ ही ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती उगाच लावलेली वाटते. पण ती तिथे येण्यामागे तीसेक वर्षांत घेतले गेलेले निर्णय आहेत. ते घेताना दुरुस्ती करणाऱ्याला कुणी फारसं विचारल्याचं दिसत नाही.

काच आणि बंपर हे दोन्ही भाग मुळात मार खाण्यासाठीच होते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच संशोधकाने १९०९ मध्ये थरांच्या काचेचं पेटंट घेतलं, ते फुटलेल्या काचेचे तुकडे माणसाच्या अंगात घुसू नयेत म्हणून. पुढे रबरी पट्टीत बसणारी काच युरेथेन या गोंदाने थेट सांगाड्याला चिकटवली जाऊ लागली आणि तिच्यावरची जबाबदारी वाढली. गाडी उलटली तर छताला तिचा आधार मिळतो. शेजारच्या सीटची एअरबॅग अनेक गाड्यांत काचेवर टेकूनच फुलते. म्हणजे कॅमेरा येण्याच्या आधीच काच नुसती ‘वारा अडवणारी’ राहिली नव्हती. बंपरची गोष्ट तर थोडी गमतीची आहे. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून असा नियम लागू झाला, की ताशी ५ मैलांची, म्हणजे साधारण ८ किलोमीटरची समोरची धडक बसली तरी दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. १९८२ मध्ये ही मर्यादा अडीच मैलांवर आणली गेली. नाजूक वस्तू वाचवण्यासाठी पुढे काढलेला हाच भाग नंतर रडारचं घर झाला.

दुरुस्तीनंतर दिशा जुळवून घेणं हे गॅरेजला अगदीच अनोळखी होतं असंही नाही. हेडलाइट बदलला की भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची पाहण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९४० पासून बंदिस्त दिवे सक्तीचे झाले आणि पुढे त्यांच्या काचेवर तीन बारीक उंचवटे येऊ लागले. त्यांवर उपकरण टेकवून दिवा नेमका करता येई. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीझ यांनी घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा बाजारात आणली. चालकाला गाडी कुठे न्यायची आहे, हे तिला स्टिअरिंगच्या कोनावरून कळतं. त्यामुळे व्हील अलाइनमेंटनंतर, म्हणजे चाकांची दिशा जुळवल्यावर, स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य पुन्हा बसवावा लागू लागला. यांत्रिक काम संपल्यावर संगणकालाही त्याची खबर द्यावी लागते, हा धडा अलाइनमेंटवाल्यांना सगळ्यांत आधी मिळाला. काचवाले आणि रंगारी मात्र तोवर निवांत होते.

त्यांची पाळी हळूहळू आली. मित्सुबिशीने १९९२ मध्ये जपानमध्ये डेबोनेअर या मोटारीत पुढच्या गाडीचं अंतर लेझरने मोजून इशारा देणारी यंत्रणा दिली. १९९५ च्या डायमांटेमध्ये ती वेगही कमी करू लागली, पण ब्रेक दाबण्याची मुभा तिला नव्हती. १९९९ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये डिस्ट्रॉनिक आलं. पुढच्या जाळीमागे रडार ठेवून समोरच्या गाडीशी अंतर राखणारी ही व्यवस्था होती. होंडाने २००३ मध्ये इन्स्पायरमध्ये धडक अटळ दिसली की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा बसवली. इथे एक मोठी रेघ ओलांडली गेली असं मला वाटतं. तोवर सेन्सर चुकला तर चुकीची घंटा वाजायची. यानंतर चुकीचा ब्रेक लागू शकत होता, किंवा लागायला हवा तेव्हा तो लागणार नाही, अशीही शक्यता होती.

कॅमेऱ्याची वाट वेगळी आणि अधिक जुनी. जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स यांच्या चमूने १९८० च्या दशकात एका व्हॅनमध्ये कॅमेरे बसवून ती रिकाम्या रस्त्यावर स्वतःहून चालवली. १९९५ मध्ये त्यांची मर्सिडीझ म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सपर्यंत बहुतांश अंतर स्वतःच स्टिअरिंग सांभाळत गेली. त्यानंतर चारच वर्षांनी सुबारूने दोन कॅमेऱ्यांची यंत्रणा विकायला काढली. तिचाच वंश २००८ मध्ये ‘आयसाइट’ या नावाने पुढे आला. १९९९ मध्येच जेरुसलेममध्ये मोबिलआय ही कंपनी सुरू झाली. तिचे एक संस्थापक अमनोन शाशुआ यांचा आग्रह असा, की दोन कशाला, एका कॅमेऱ्यातही काम भागतं. एकच कॅमेरा म्हणजे खर्च कमी. पुढच्या दशकात मध्यम किमतीच्या गाड्यांतही आरशामागे काळी डबी दिसू लागली, त्यात या आग्रहाचा वाटा मोठा आहे. व्होल्वोने २००८ मध्ये एक्ससी६० मध्ये दिलेली सिटी सेफ्टी लेझरवर चाले आणि ताशी ३० किलोमीटरपर्यंतच ब्रेक लावे, पण तिचीही जागा काचेमागे, वरच्या बाजूलाच होती.

ही जागा का, याचं उत्तर सोपं आहे. तिथून रस्ता उंचावरून दिसतो, पाऊस-चिखल लागत नाही, आणि कॅमेऱ्यापुढची काच पुसायला वायपर आयता हजर असतो. अभियंत्याच्या दृष्टीने याहून चांगली जागा गाडीत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट नाही, कारण गाडीत सर्वांत सहज तडकणारी वस्तूच कॅमेऱ्याच्या भिंगापुढचं दुसरं भिंग होऊन बसली. बऱ्याच गाड्यांत कॅमेरा धरणारं ब्रॅकेटही काचेलाच चिकटवलेलं असतं. नवी काच म्हणजे नवं ब्रॅकेट, गोंदाचा नवा थर आणि काचेची किंचित निराळी वक्रता. तिन्हींतला फरक बारीक असला, तरी त्यांची बेरीज कॅमेऱ्याच्या कोनात दिसते.

किती फरक चालतो, हे थोड्या भूमितीने कळतं. एकट्या कॅमेऱ्याला अंतर थेट दिसत नाही. पुढच्या गाडीची चाकं रस्त्याला जिथे टेकतात, तो बिंदू क्षितिजापासून किती खाली आहे, यावरून तो अंदाज बांधतो. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच धरला, तर ५० मीटरवरच्या गाडीचा तो बिंदू क्षितिजाच्या फक्त दीड अंशाने खाली असतो. आता कॅमेरा अर्ध्या अंशाने वर किंवा खाली कलला आणि संगणकाला ते ठाऊक नसलं, तर तेच ५० मीटर त्याला एका बाजूला सुमारे ३७ आणि दुसऱ्या बाजूला ७५ मीटर वाटतील. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. प्रत्यक्षातल्या यंत्रणा एवढ्या भोळ्या नसतात. रस्त्यावरचे पट्टे दूरवर जिथे मिळाल्यासारखे दिसतात त्यावरून, आणि पुढची गाडी किती झपाट्याने मोठी होते त्यावरून त्या स्वतःला थोडंफार सावरतात. पण सावरायलाही सुरुवातीचा बिंदू बऱ्यापैकी बरोबर असावा लागतो. त्रासाची गोष्ट ही, की तिरपा कॅमेरा बिघडलेला नसतो. चित्र स्वच्छ असतं, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागेलच याची खात्री नाही.

फलकांवरची ती चौकटींची नक्षीही मोटारींच्या जगातून आलेली नाही. कॅमेऱ्याचं गणित जागा आधीच माहीत असलेल्या ठिपक्यांवरून कसं सोडवायचं, याची व्यवहार्य रीत रॉजर त्साई यांनी १९८७ मध्ये मांडली, तीही यंत्रमानवांच्या कामासाठी. २००० मध्ये झेंगयू झँग यांनी ती बरीच सोपी केली. बुद्धिबळाच्या पटासारखा सपाट कागद वेगवेगळ्या कोनांतून कॅमेऱ्याला दाखवला की पुरे. भिंगाचे अंगभूत दोष आणि कॅमेऱ्याची जागा व कल, या दोन गोष्टी अशा हिशेबात वेगळ्या काढता येतात. पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या कारखान्यातच निश्चित होते. दुसरी प्रत्येक गाडीगणिक वेगळी असते, म्हणून असेंब्ली लाइनच्या शेवटी एका नियंत्रित खोलीत ती मोजली जाते. काच बदलली की ती मोजणी बाद होते, आणि कारखान्यातलं काम गॅरेजमध्ये करावं लागतं.

गॅरेजमध्ये ते दोन प्रकारे होतं. एकात गाडी उभी ठेवून फलक दाखवतात. दुसऱ्यात स्कॅनर लावून स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात. काही मॉडेलांना दोन्ही लागतात, आणि कोणतं लागेल हे निर्माताच ठरवतो. पहिल्या प्रकारात फलक कशाच्या रेषेत धरायचा, हा कळीचा प्रश्न असतो. बंपरच्या मधोमध असलेल्या चिन्हावरून रेघ काढणं मोहात पाडणारं आहे, पण मागची चाकं ज्या दिशेला रोखलेली असतात, गाडी त्याच दिशेने पळते. ती दिशा वाकडी असेल तर फलक अचूक मध्यावर ठेवूनही कॅमेरा चुकीचंच शिकतो. म्हणून आधी अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन, हा क्रम. टायरमधली हवा, टाकीतलं इंधन, डिकीतलं सामान यांच्याही अटी असतात, कारण या सगळ्यांमुळे गाडी पुढे-मागे कलते. मागून येणारं ऊन किंवा चकाकणारी भिंत असेल तर कॅमेरा फलक ओळखतच नाही.

बंपरमागच्या रडारचा त्रास निराळ्या जातीचा आहे. समोर दूरवर पाहणारं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं. कोपऱ्यांतली, बाजूच्या गाड्या हेरणारी जुनी रडारं २४ गिगाहर्ट्झची असत. ७७ वर तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर, आणि प्लास्टिकच्या आत ती आणखी आखूड होते. लाटा कमीत कमी परताव्यात म्हणून रडारपुढच्या आवरणाची जाडी या लांबीशी जुळवलेली असते. मर्सिडीझच्या पुढच्या जाळीतला तारा काही मॉडेलांत उठावदार नसून सपाट का असतो, याचं कारण हेच, त्याच्यामागे रडार असतं. अशा ठिकाणी पुटीचा एक थर किंवा रंगाचे दोन जादा हात म्हणजे केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. धातूची चमक देणाऱ्या रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि ते लाटांना अडवतात. रंगाऱ्याच्या नजरेत उत्तम झालेलं काम रडारच्या नजरेत धुकं असू शकतं. त्यात ब्रॅकेट किंचित वाकलेलं असेल, तर एका अंशाच्या चुकीने १०० मीटरवर रोख पावणेदोन मीटर सरकतो. हायवेची एक लेन साडेतीन मीटरच्या आसपास असते. म्हणजे पलीकडच्या लेनमधला ट्रक आपल्यापुढे आहे, असं गाडीला वाटू शकतं.

२०१० पर्यंत ही डोकेदुखी महागड्या गाड्यांपुरती आणि कंपनीच्या वर्कशॉपपुरती होती. ती सगळ्यांच्या दारात आणली नियमांनी. नव्या गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०१४ पासून आपोआप लागणाऱ्या ब्रेकला गुण द्यायला सुरुवात केली. पाच तारे हवेत तर यंत्रणा हवी. अमेरिकेत २०१६ मध्ये २० कंपन्यांनी सप्टेंबर २०२२ पर्यंत ती जवळपास सर्व नव्या गाड्यांत देण्याचं मान्य केलं. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीत ती सक्तीचीच केली, जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला. या सगळ्यांचा भर नवी गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडावी यावर होता. तीच गाडी तीन वर्षांनी काच बदलून गॅरेजमधून कशी बाहेर पडावी, हा प्रश्न बराच काळ विमा कंपन्या, काचवाले आणि निर्माते यांच्यात टोलवला जात राहिला. निर्माते म्हणत, कॅलिब्रेशन कराच. विमा कंपनी विचारे, दिवा लागलेला नसताना कशाला? आणि काचवाल्याकडे पुरेशी मोकळी, समतल जागाच नसे.

ब्रिटनमध्ये थॅचम रिसर्च या संस्थेने २०२० मध्ये विमा क्षेत्रासाठी अटी लिहून काढल्या. त्यांनुसार गाडी परत देताना सेन्सर निर्मात्याच्या मर्यादेत आहेत याची नोंद हवी, आणि काम जाणकार व्यक्तीने केलेलं हवं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा क्षेत्राच्या संस्थेने २०२३ मध्ये अशा दुरुस्त्या झालेल्या गाडीमालकांची पाहणी केली. जवळपास निम्म्यांनी दुरुस्तीनंतरही काही ना काही अडचण राहिल्याचं सांगितलं. तरीही बहुतेकांना पुढच्या गाडीत हीच यंत्रणा हवी होती. मला यात दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. लोकांचा यंत्रणेवर राग नाही, ती जागेवर बसवून देण्याच्या व्यवस्थेवर आहे.

निर्माते आता गाडीलाच हे काम शिकवू पाहत आहेत. अनेक नवी रडारं रस्त्याकडेच्या कठड्यांसारख्या स्थिर वस्तू पाहून स्वतःचा कोन सुधारतात. पण ही सुधारणा ठरावीक मर्यादेतच होते. ब्रॅकेटच वाकलं असेल तर ती थांबते आणि दोष नोंदवते, किंवा चुकीच्या कोनाशी शक्य तितकं जुळवून घेते. दुसरीकडे, जुन्या मॉडेलांचे मालक दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे होत चालले आहेत. काच कधी बदलली हे तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून कधीकधी ताडता येतं. त्यानंतर कॅलिब्रेशन झालं का, हे मात्र गाडीकडे नुसतं पाहून कळत नाही. ते कुणीतरी जपून ठेवलेल्या बिलात आणि स्कॅनरच्या अहवालातच सापडतं, आणि गाडी विकताना हे कागद सोबत देण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.