फ्रांको बॅलेरिनी: 'राष्ट्रीय प्रशिक्षक' या शब्दामागचा इतिहास

इटलीचा राष्ट्रीय सायकल संघ सांभाळणारे बॅलेरिनी यांना 'राष्ट्रीय प्रशिक्षक' म्हणणे सोयीचे असले तरी ते फसवे आहे. इटलीत या पदाला 'कोमिस्सारियो तेक्निको' म्हणतात आणि त्यात शिकवण्यापेक्षा निवडीचा भाग मोठा असतो. सायकलपटू वर्षभर आपापल्या पगारी संघासाठी झटतात, त्यांचा सरावही तेच संघ ठरवतात; देशाची जर्सी अंगावर चढते ती मोजक्याच शर्यतींपुरती. एरवी एकमेकांना पाडायला टपलेल्यांपैकी कोणाला घ्यायचे आणि त्यांनी कोणासाठी राबायचे, एवढेच या पदाच्या हाती उरते.

फ्लोरेन्समध्ये १९६४ साली जन्मलेले बॅलेरिनी १९८६ पासून व्यावसायिक शर्यतींत होते. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत त्यांनी १९९५ आणि १९९८ मध्ये जिंकली. १९९३ मध्ये ती अवघ्या आठ सेंटिमीटरने हुकली होती. एप्रिल २००१ मध्ये त्याच शर्यतीत त्यांनी निरोप घेतला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला.

पहिल्याच जागतिक स्पर्धेत, लिस्बनला, या पदाचा पेच उघडा पडला. त्या वर्षीचा 'जिरो द'इतालिया' या इटलीच्या महाशर्यतीचा विजेता अखेरच्या टप्प्यात निसटू पाहत असताना त्याचा पाठलाग केला तो त्याच्याच देशाच्या एका खेळाडूने, ज्याचा पगारी संघ आणि पुढे जिंकलेल्या स्पॅनिश खेळाडूचा पगारी संघ एकच होता. रौप्यपदक मिळवणारा इटालियनही त्याच संघाचा असल्याने पाठलाग नेमका कोणासाठी होता, यावर इटलीत मोठे वादंग झाले. बॅलेरिनीही नुकतेच त्याच संघातून निवृत्त झाले होते, हे इथे नजरेआड करता येत नाही.

पुढच्या वर्षीची त्यांची निवड हे माझ्या मते त्या वादालाच दिलेले उत्तर होते. बेल्जियममधील झोल्डरच्या मोटारशर्यतींच्या मार्गावर त्यांनी सगळा संघ एकाच, पस्तीस वर्षांच्या वेगवान सायकलपटूच्या दिमतीला जुंपला. डाव फसता तर तेच पहिले बळी ठरले असते; पण १९९२ नंतर प्रथमच विजेतेपद इटलीकडे आले. पुढे २००४ चे ऑलिम्पिक सुवर्ण आणि २००६ ते २००८ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळाली.

७ फेब्रुवारी २०१० रोजी इटलीतील लार्चानो येथील मोटार रॅलीत, सहचालक म्हणून बसलेले असताना, पंचेचाळिसाव्या वर्षी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पद सोपवण्यात आले ते लिस्बनला रौप्यपदक मिळवणाऱ्या खेळाडूकडे.