जिउ-जित्सूच्या वर्गात आधी काय, नंतर काय?

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवर पकडी घालून लढायच्या खेळाचा अभ्यासक्रम बहुतेकदा डावांची यादी म्हणून लिहिला जातो: नवख्यांना थोडे डाव, जुन्यांना पुष्कळ. कागदावर तो भरगच्च दिसतो. पण समोरच्याने खरा जोर लावला की त्यातलं फारच थोडं आठवतं. फरक डावांच्या संख्येत नसून सरावाच्या घडणीत असायला हवा.

शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली याचा एक सुंदर पुरावा दिला. लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने हाताने पाडायचे, असे तीन क्रम शिकवले. एका गटाने एकेक क्रम सलग घोटला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळले. सरावात पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा सरस ठरला. म्हणजे वर्ग संपताना डाव छान जमतोय, यावरून तो शिकला गेला असं धरता येत नाही. मात्र ज्याला हालचालच ठाऊक नाही तो मिसळामिसळीत गोंधळतो. म्हणून आधी सलग सराव, मग हळूहळू अनिश्चितता.

नवख्यांसाठी बारा आठवडे पुरतात, दोन-दोन आठवड्यांचे सहा भाग करून: माउंट (वर बसून दाबणं), साइड कंट्रोल (बाजूने दाबून धरणं), पाठीवरची पकड, क्लोज्ड गार्ड (पाठ टेकून प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती पाय आवळणं), गार्ड पास (त्या पायांना पार करणं) आणि उभ्याने पाडणं. पहिल्या तिन्हींत सुटका आधी शिकवावी, कारण नवखा बराच वेळ खालीच असतो. प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवला, तर नवीन माणूस कुठल्याही सोमवारी येऊन मिसळू शकतो. तासातली दहा मिनिटं ब्रिज (कंबर उचलणं), श्रिम्प (कुशीवर वळून कंबर मागे सरकवणं) अशा हालचालींना, वीस मिनिटं एका डावाला (फार तर दोन) आणि उरलेला वेळ त्याच स्थितीतून सुरू होणाऱ्या झटापटीला द्यावा.

माउंटमधली ‘उपा’ ही सुटका घ्या. वर बसलेल्याचा तोल हात आणि गुडघे यांच्या टेकूवर असतो. त्याच्या एका बाजूचा हात अडकवायचा, त्याच बाजूचा पाय आपल्या पावलाने बाहेरून अडवायचा, टाचा नितंबांजवळ ओढायच्या आणि कंबर उचलत त्या खांद्यावरून तिरकं वळायचं. त्या बाजूला टेकू उरला नाही की गुरुत्वमध्य आधाराबाहेर जातो आणि तो कलंडतो. चुका ठरलेल्या: हात अडकवला पण पाय मोकळा सोडला, टाचा लांब राहिल्या, किंवा सरळ वरच उचललं. दोन्ही हात ताठ करून छाती ढकलणं तर आर्मबारला (कोपर उलट ताणणाऱ्या पकडीला) आमंत्रणच.

मग दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. खालचा एकदाही सुटत नसेल, तर वरच्याला हात स्वतःच्या पट्ट्यात खुपसायला सांगा. प्रत्येक वेळी सुटत असेल, तर हात मोकळे करा. अवघडपणा असा सतत जुळवत राहणं हेच प्रशिक्षकाचं खरं काम.

तालमीतून आलेल्यांकडे वेगळं लक्ष हवं. कुस्तीत चीत होणं म्हणजे हार, म्हणून खाली पडताच ते पालथे होतात. इथे मात्र पाठ मिळाली की प्रतिस्पर्ध्याला चार गुण आणि वर गळा आवळायची संधी. त्यांना क्लोज्ड गार्डचा भाग लवकर द्यावा. पाठ टेकूनही लढता येतं हे अंगात भिनायला वेळ लागतो.

प्रगत वर्गात डाव दाखवण्याचा वेळ कमी करून प्रश्न वाढवावेत. चार आठवडे हाफ गार्ड (खालच्याने वरच्याचा एकच पाय आपल्या पायांत अडकवणं) हा एकच विषय ठेवा: खालच्याने उलटवायचं, वरच्याने पार व्हायचं. प्रत्येक फेरीची सुरुवात न सांगता बदला: कधी खालच्याचा हात काखेतून आत गेलेला, कधी वरच्याने डोकं दाबून धरलेलं. प्रत्येक फेरीत नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि मिसळलेल्या सरावाचा फायदा इथे मिळतो.

हील हूक (टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणारा डाव) मात्र या मोकळेपणात सोडू नये. वाकलेला गुडघा थोडासाच फिरतो. टाच पिळली की पाऊल तरफेसारखं काम करतं आणि वेदना जाणवण्याआधीच अस्थिबंध फाटू शकतात. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (IBJJF) २०२१ पासून तो प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना, तेही गी (जाड सुती पोशाख) नसलेल्या गटातच, खुला केला. वर्गातला नियम याहून कडक हवा: टाच पकडली गेली की लगेच टॅप (थोपटून हार मानणं), आणि पकडणाऱ्याने पिळायचंच नाही. आधी किमान महिनाभर फक्त पाय सोडवून घेण्याचा सराव द्यावा.