गुन्ह्यानंतरचा मानसिक आघात : आधार आणि उपचार

गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीला सावरण्यासाठी मिळणारी सोबत, व्यवहारातली मदत आणि मानसोपचार या सगळ्यांचा विचार या विषयात होतो. मारहाण, लैंगिक अत्याचार, जबरी चोरी, पाठलाग, आर्थिक फसवणूक, जवळच्या माणसाचा खून यांपैकी कशानंतरही अशी मदत लागू शकते. गुन्हा कायद्याच्या नजरेत किती गंभीर, यावर आघाताची खोली ठरत नाही. घरफोडीत किरकोळ ऐवज गेलेला माणूसही पुढे कित्येक रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी चाचपून बघतो. परका माणूस आपल्या कपाटात हात घालून गेला, ही गोष्ट त्याला गेलेल्या वस्तूंपेक्षा जास्त छळते.

पूर किंवा भूकंप कोणी मुद्दाम घडवून आणत नाही; गुन्हा मात्र माणसानेच, जाणूनबुजून केलेला असतो. त्यामुळे भीतीच्या जोडीला माणसांवरचा विश्वास उडतो आणि ‘माझंच चुकलं’ ही बोचणी लागते. प्रसंगी शरीर थिजणे, तोंडून आवाज न फुटणे ही आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. तरीही ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न घरातूनच येतो आणि तो गुन्ह्याइतकाच लागतो.

झोप उडणे, दचकणे, प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, ती वाट टाळणे हे सुरुवातीच्या दिवसांत स्वाभाविक आहे. बऱ्याच जणांचा हा त्रास हळूहळू ओसरतो. महिना उलटूनही तो टिकला आणि रोजचे जगणे अडू लागले, तर आघातोत्तर ताणविकृतीचा (पीटीएसडी) विचार करतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे निदान 1980 साली आले. त्याआधी 1974 मध्ये अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतरच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले होते. युद्धावरून परतलेले सैनिक आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांची दुखणी एकाच जातीची आहेत, हे वैद्यकाला उशिराच उमगले.

‘बोलून टाक, मोकळं वाटेल’ हा सल्ला सगळेच देतात. एकेकाळी तज्ज्ञही तेच करीत. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेत. त्याने पुढची विकृती टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटना मानसिक प्रथमोपचार सुचवते : परिस्थिती पाहा, ऐका, पुढच्या मदतीशी जोडून द्या. प्रत्यक्षात याचा अर्थ अगदी साधा असतो. जखमांवर उपचार, रात्रीपुरती सुरक्षित जागा, तुटलेले कुलूप बदलणे, जबाबाला जाताना सोबत. माणूस बोलला तर ऐकायचे, गप्प राहिला तर शेजारी बसायचे.

सविस्तर बोलण्याची वेळ नंतर येते आणि समोर प्रशिक्षित माणूस लागतो. दीर्घ एक्सपोजर थेरपीत व्यक्ती डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतो आहे असा, वर्तमानकाळात सांगते. तेच ध्वनिमुद्रण घरी पुन्हापुन्हा ऐकते आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जाऊ लागते. पहिली सत्रे जड जातात आणि नेमकी तिथेच अनेकांची पावले मागे वळतात. हे थेरपिस्टने आधीच सांगायला हवे. आकलन-प्रक्रिया थेरपी साधारण 12 सत्रांची असते. ‘मी दार उघडलंच नसतं तर’ यासारखे अडकून बसलेले विचार तिथे कागदावर मांडून तपासले जातात. फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून विकसित केलेल्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवतात. नजर फिरवण्याचा वाटा नेमका किती, यावर वाद आहे. पद्धतीचा उपयोग मात्र मान्य झाला आहे.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी नैराश्यविरोधी औषधे वापरतात. बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या या विकृतीवर सहसा सुचवत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता तातडीच्या वैद्यकीय सेवेकडे जावे.

थेरपिस्ट निवडताना आघातावरील कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे, साधारण किती सत्रे लागतील, फरक पडला नाही तर काय, हे बेधडक विचारावे. अशा प्रश्नांनी दुखावणारा थेरपिस्ट नसलेला बरा. पहिल्याच दोन भेटींत सूर जुळला नाही तर माणूस बदलण्यात गैर काही नाही. खटला चालू असेल तर सत्रांच्या नोंदी न्यायालयात मागवल्या जाऊ शकतात का, हेही आधीच विचारून घ्यावे; नियम देशागणिक वेगळे आहेत. खटल्याचा निकाल लागेपर्यंत उपचार थांबवून ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण निकालाला वर्षे लागू शकतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1985 साली केलेल्या जाहीरनाम्यात गुन्हेपीडितांना भौतिक, वैद्यकीय, मानसिक आणि सामाजिक साहाय्य मिळावे असे म्हटले आहे. अनेक देशांत पीडित साहाय्य संस्था, हेल्पलाइन आणि नुकसानभरपाई योजना आहेत. काही ठिकाणी थेरपीचा खर्चही भरपाईतून मिळतो. समदुःखी गटांत ‘हे फक्त मलाच होतंय’ ही भावना निवळते, पण ते गट थेरपीची जागा घेत नाहीत.

बरे वाटू लागल्यावरही साक्षीची तारीख, घटनेचा वर्षदिन किंवा आरोपीच्या सुटकेची बातमी जुनी लक्षणे उसळवू शकते. म्हणून काही थेरपिस्ट उपचार संपवताना अशा तारखा रुग्णासोबत कॅलेंडरवर खुणावून ठेवतात आणि त्याआधीच्या आठवड्यात एखादे सत्र राखून ठेवतात.