चांदणीखालची बारीक अक्षरं

लेझर प्रिंटरच्या खोक्यावर ठळक टाइपात तीनच आकडे असतात: मिनिटाला किती पानं, इंचाला किती ठिपके आणि एका टोनरमध्ये किती पानं निघतील. प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. ती चांदणी खोक्याच्या तळाशी कुठेतरी पुन्हा उगवते, आणि तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला. प्रिंटर घ्यायचा तर माझ्या मते वाचायची ती ही मुंग्यांची रांग.

विक्रीच्या पानावर ही रांग बहुतेकदा गायबच असते. म्हणून उत्पादकाकडून त्या मॉडेलचं डेटाशीट उतरवून घ्यावं, आणि त्याहून उपयोगी म्हणजे वापरपुस्तिका. यंत्र विकत घेण्याआधीही पुस्तिका फुकट वाचता येते, हे कित्येकांना सुचतच नाही. तिच्या शेवटी शेवटी ‘तांत्रिक तपशील’ नावाचं एक रटाळ प्रकरण असतं, ते सगळ्यांत आधी उघडावं. शोधताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतंय ना, ते बघावं. नावाच्या शेपटीतला ‘डी’ म्हणजे बहुधा डुप्लेक्स, कागद आपोआप उलटून पाठपोट छापण्याची सोय. ‘एन’ म्हणजे नेटवर्क केबलची जागा. ‘डब्ल्यू’ म्हणजे वायफाय. एक ‘डी’ नजरेतून सुटला की पुढची काही वर्षं कागदाचा गठ्ठा हाताने उलटत बसायचं.

आकडे कळायचे तर आत काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आणायला हवं. मध्यभागी प्रकाशसंवेदी लेप दिलेला एक नळकांडीसारखा ड्रम असतो. अंधारात त्यावर काहीशे व्होल्टचा ऋण विद्युतभार चढवतात. गरगर फिरणाऱ्या बहुकोनी आरशावरून परावर्तित होणारा लेझरचा किरण या ड्रमवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीमागून ओळ ओढत जातो. जिथे उजेड पडतो तिथला भार ओसरतो, आणि नेमक्या त्याच जागी टोनर चिकटतो. टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लास्टिकची भुकटी असते, त्यात काजळी आणि थोडं मेण. एकेक कण ५ ते १० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही भुकटी विद्युतभाराच्याच ओढीने कागदावर उतरते आणि शेवटी फ्यूजर नावाचा तापलेला भाग ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून कागदाच्या धाग्यांत दाबून बसवतो. नुकतं निघालेलं पान हाताला ऊनऊन लागतं ते त्यामुळे.

ही मूळ युक्ती चेस्टर कार्लसनची. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने खसाखसा घासला, त्यावर भुकटी भुरभुरली आणि ‘१०-२२-३८ अस्टोरिया’ ही अक्षरं मेणकागदावर उतरवली. त्या युक्तीत लेझर आणला झेरॉक्सच्या गॅरी स्टार्कवेदरने, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्या टेबलावरच्या यंत्रात अजूनही तो घासलेला पत्राच आहे, फक्त रुमालाच्या जागी भार देणारा रोलर आला.

आता ठिपके. ६०० डीपीआय म्हणजे इंचाला ६०० ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये सुमारे ४२ मायक्रॉनचं अंतर. १२०० डीपीआयला हे अंतर २१ मायक्रॉनवर येतं. टोनरचा कण सात मायक्रॉनचा धरला, तर तेवढ्या रुंदीत तीनच कण शेजारी शेजारी बसतील. त्यामुळे आकडा आणखी दुप्पट केला म्हणून कागदावरची रेघ दुप्पट रेखीव होत नाही. भुकटी तेवढी बारीक नाही. नुसता मजकूर छापायचा असेल तर खरे ६०० डीपीआय पुरतात, आणि ही माझी मर्जी नाही, डोळ्यांची मर्यादा आहे. हातभर अंतरावरून त्या अक्षरांच्या कडा दातेरी दिसत नाहीत.

चित्रांची गोष्ट वेगळी. कृष्णधवल लेझर प्रिंटरला करडा रंग माहीतच नसतो. त्याच्याकडे ठिपका आहे किंवा नाही, एवढंच. करडं दाखवायचं तर तो ठिपक्यांचे गट करतो. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन घेतला तर त्यात ० ते ६४ ठिपके भरून ६५ छटा मिळतात. पण मग ६०० भागिले आठ, इंचाला ७५ चौकोनच उरले. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. छायाचित्रं आणि फिकट छटांचे नकाशे वरचेवर छापणाऱ्याला खरे १२०० डीपीआय उपयोगी पडतात ते इथे.

‘खरे’ हा शब्द मुद्दाम वापरला. खोक्यावर ‘१२०० दर्जाचं मुद्रण’, ‘परिणामी २४०० डीपीआय’, नाहीतर ‘२४०० × ६००’ असलं काहीबाही दिसतं. शेवटच्या प्रकारात लेझर ओळीच्या दिशेने जास्त वेगाने चालू-बंद होतो, पण ड्रम मात्र इंचाच्या सहाशेव्या भागानेच पुढे सरकतो. दोन आकडे दिले असतील तर लहान आकडा प्रामाणिक समजावा. ‘दर्जा’ हा शब्द आला की पुस्तिकेत मूळ डीपीआय किती, ते शोधावं.

ठिपक्यांतूनच स्मृतीचा प्रश्न निघतो. १९८४ साली आलेला पहिला एचपी लेझरजेट ३०० डीपीआयचा होता. ३०० डीपीआयला एका ए-फोर पानावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येकाला एक बिट धरला तरी एक मेगाबाइटहून थोडी जास्त जागा लागते. त्या यंत्राची स्मृती होती १२८ किलोबाइट. मजकूर ते झकास छापत असे, कारण अक्षरांचे साचे तयार असायचे. पण पानभर चित्र काढायला सांगितलं की ७५ डीपीआयवर उतरायचं. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट स्मृती आणि १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. ज्या मॅकिन्टॉश संगणकाला तो जोडायचा, त्याचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झच्याही आतला. नोकर मालकापेक्षा हुशार, असा तो मामला होता.

आज ६०० डीपीआयच्या पानाला सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास आणि १२०० ला सतरा मेगाबाइटहून थोडी जास्त स्मृती लागते. तरीही स्वस्त प्रिंटरच्या तपशिलात ३२ किंवा ६४ मेगाबाइट असा बेताचाच आकडा दिसतो आणि काम अडत नाही. पान आखायचं कामच आता आपला संगणक करतो आणि तयार ठिपके दाबून-चेपून पाठवतो. प्रिंटर पुन्हा सांगकाम्या झाला.

यातली मेख ‘प्रिंटर भाषा’ किंवा ‘एमुलेशन’ नावाच्या ओळीत असते. ही ओळ फारसं कुणी वाचत नाही. तिथे पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर यंत्राला सर्वांना ठाऊक असलेली भाषा येते. तिथे नुसतं ‘होस्ट-बेस्ड’, ‘जीडीआय’ किंवा कंपनीचं स्वतःचं काही नाव असेल, तर यंत्र कंपनीच्या ड्रायव्हरवाचून, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमवाचून, मुकं. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, की धडधाकट प्रिंटर अडगळीत जातो. सुटकेची वाट म्हणजे एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एखाद्याचा उल्लेख आहे का ते पाहणं. ड्रायव्हरशिवाय छपाई व्हावी म्हणूनच ही मानकं निघाली. लिनक्स वापरणाऱ्यांनी ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाच्या, लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या यादीत मॉडेल शोधावं. याच पानावर वायफायची ओळही बघून घ्यावी, कारण कित्येक स्वस्त यंत्रं २.४ गिगाहर्ट्झलाच प्रतिसाद देतात आणि राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर त्यांना तो दिसतच नाही.

टोनरच्या आकड्याने मला स्वतःला टोपी घातली आहे. पहिल्या प्रिंटरच्या खोक्यावर दीड हजार पानं लिहिलेलं होतं. निम्म्यावरच अक्षरं फिकट पडू लागली, आणि मी कार्ट्रिज, म्हणजे टोनरची डबी, काढून हलव, पुन्हा बसव, असे सगळे प्रकार करून पाहिले. मग पुस्तिका उघडली. दीड हजार हा आकडा वेगळ्या विकत मिळणाऱ्या टोनरचा होता. यंत्राबरोबर आलेलं कार्ट्रिज ‘स्टार्टर’ होतं, सातशे पानांचं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. चांदणी जागेवर होती.

पूर्ण भरलेल्या कार्ट्रिजचा आकडाही जपूनच घ्यावा. कृष्णधवल टोनरची पानं मोजायची पद्धत आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकात ठरवून दिली आहे. निदान तीन यंत्रं, प्रत्येकावर निदान तीन कार्ट्रिजं, खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास, आणि एक ठरावीक चाचणी पान न थांबता छापत राहायचं. त्या पानाचा सुमारे पाच टक्के भागच काळा असतो. ए-फोर कागदाचे पाच टक्के म्हणजे साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक भरीव चौकोन. पानावरची सगळी काळी भुकटी गोळा केली तर एवढीच. साधं पत्र या हिशेबात बसतं. जाड मथळे, काळ्या पट्ट्यांची कोष्टकं, स्कॅन केलेली पुस्तकाची पानं यात बसत नाहीत. डेटाशीटमध्ये या मानकाचा क्रमांक दिसला तर दोन प्रिंटरची तुलना करता येते. क्रमांक नसेल तर तो आकडा अंदाजपंचे समजावा.

शिवाय ‘न थांबता’ या शब्दांत एक खाच आहे. घरी आपण एक पान छापतो आणि तासाभराने दुसरं. दर वेळी छपाईच्या आधी आणि नंतर ड्रम काही वेढे रिकामाच फिरतो. म्हणून ड्रम वेगळा विकणाऱ्या कंपन्या त्याच्या आयुष्याच्या आकड्याला ‘एका कामात इतकी पानं धरून’ अशी जोड देतात. एकेक पान छापणाऱ्याचा ड्रम तेवढ्याच पानांत लवकर म्हातारा होतो.

‘मासिक क्षमता’ म्हणून लिहिलेले दहा-वीस हजार वाचून हुरळून जायचं कारण नाही. ती एखाद्या महिन्यात यंत्राने सोसायची कमाल मर्यादा. त्याच्याच खाली ‘शिफारस केलेली मासिक पानं’ अशी ओळ असते आणि तिथला आकडा कितीतरी पटींनी लहान असतो. आपला वापर जुळवायचा तो या दुसऱ्या ओळीशी.

वेगाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, कारण घरी मिनिटाला २० पानं आणि ३० पानं यांतला फरक कुणाला जाणवत नाही. एक गंमत मात्र आहे: एकाच यंत्राचे दोन वेग दिलेले दिसतात, मोठा आकडा अमेरिकेतल्या लेटर आकाराच्या कागदाचा आणि लहान ए-फोरचा. लेटर कागद २७९ मिलिमीटर लांब, ए-फोर २९७. रोलर त्याच गतीने फिरले तर छोटे कागद जास्त निघणारच. घरच्या वापरात खरा थांबवतो तो ‘पहिलं पान बाहेर पडायला लागणारा वेळ’, आणि त्यातही यंत्र तयार असताना किती व झोपेतून उठून किती, हे दोन आकडे वेगळे. फ्यूजर तापायला जेवढा वेळ, तेवढी आपली वाट पाहणी.

तोच फ्यूजर विजेचाही खादाड. छापताना सरासरी काहीशे वॉट, पण तापवण्याच्या क्षणी झेप हजार वॉटच्या आसपास जाऊ शकते. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, असं पुस्तिका बजावते ते म्हणूनच. आवाजाचा आकडा कधी कधी बेलमध्ये देतात: ६.५ बेल हे फार शांत वाटतं, पण ते ६५ डेसिबल झाले.

पुस्तिकेत आणखी एक कोष्टक शोधावं, ‘पुन्हा पुन्हा उमटणारे डाग’ अशा काहीशा नावाचं. घरगुती प्रिंटरचा ड्रम बारीक असतो. त्याचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर परीघ होतो सुमारे ७५ मिलिमीटर, म्हणजे एका ए-फोर पानासाठी तो चारदा फिरतो. त्यावर एक ओरखडा पडला तर पानावर दर ७५ मिलिमीटरवर तोच ठिपका दिसतो. फ्यूजरच्या आणि टोनरच्या रोलरचे परीघ वेगळे, म्हणून त्यांच्या डागांची अंतरंही वेगळी. ज्या पुस्तिकेत हे कोष्टक आहे, त्या यंत्राचा कोणता भाग वेगळा बदलून मिळतो हेही बहुधा जवळच लिहिलेलं असतं. माझ्या सध्याच्या प्रिंटरवर मध्यंतरी असा ठिपका यायला लागला, तेव्हा शाळेतली फूटपट्टी काढून मोजलं. साडेसात सेंटिमीटर, चारही वेळा.