शैवाक-अर्काची कर्करोगविरोधी चाचणी

शैवाकातील द्रव्ये कर्करोगाच्या पेशींना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात का, हे प्रयोगशाळेत पडताळण्याची पद्धत. शैवाक म्हणजे कवक आणि शैवल (किंवा नील-हरित जीवाणू) यांचे सहजीवन. खान्देशात हा शब्द क्वचितच कानावर पडतो. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यातले दगडफूल मात्र घरोघरी ठाऊक आहे. दगडफूल म्हणजे शैवाकच.

पहिली अडचण ओळखीची. बाजारातल्या दगडफुलात पार्मोट्रेमा या प्रजातीतल्या शैवाकांसह अनेक जाती मिसळलेल्या असतात आणि बराचसा माल हिमालयाकडून येतो. जळगावच्या मसाल्याच्या दुकानातली पुडी तशीच वापरली, तर गुण नेमका कोणाचा हे ठरत नाही. त्यापेक्षा सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला, खोडावरून किंवा खडकावरून ठिकाण नोंदवून घेतलेला नमुना बरा. तोही थोडाच घ्यावा. शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. जात निश्चित करायला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील नमुनासंग्रहासारख्या संग्रहाचा आधार मिळतो.

वाळवून दळलेला नमुना ॲसिटोन किंवा मिथेनॉलमध्ये भिजवतात. शैवाकातली उस्निक आम्ल, ॲट्रानोरिन ही द्रव्ये पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून हा अर्क आणि घरचा काढा यांची तुलनाच होत नाही. मग ९६ खाचांच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर अर्काच्या चढत्या मात्रा घालतात. हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या), एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मिळतात. १९८३ साली मांडलेल्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंजकाचे फॉर्मझान नावाचे जांभळे द्रव्य बनवतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. जिवंत पेशींचे प्रमाण निम्म्यावर आणणारी अर्काची मात्रा म्हणजे आयसी-५०.

इथे फसायला होते. अर्कातली काही फिनॉलिक द्रव्ये पेशींशिवायही हा रंग उमटवतात, त्यामुळे पेशी नसलेल्या खाचांत अर्क घालून पाहणे आवश्यक. शिवाय निरोगी पेशीही तितक्याच मरत असतील, तर ते औषध नव्हे, नुसते विष. उस्निक आम्लाचा उंदरांतील अर्बुदावरचा (कर्करोगाच्या गाठीवरचा) परिणाम १९७५ मध्येच नोंदवला गेला होता. पण २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्याच आम्लाचा क्षार असलेल्या, वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनाविरुद्ध यकृताच्या इजेमुळे इशारा द्यावा लागला. मसाल्यातले चिमूटभर दगडफूल आणि असा शुद्ध, केंद्रित डोस या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिमटीचे प्रमाण वाढवून कर्करोगावर इलाज होतो याला प्लेटवरचा जांभळा रंग पुरावा ठरत नाही.