भीमबेटका: चित्रं तिथेच होती

भोपाळहून इटारसीकडे जाणारी रेल्वे विंध्याच्या डोंगरांना लगटून धावते. १९५७ साली या गाडीत विष्णू श्रीधर वाकणकर बसले होते. खिडकीतून त्यांना झाडीच्या वर आलेले वालुकाश्माचे प्रचंड खडक दिसले, एखाद्या पडक्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे. ते पुढच्या स्टेशनावर उतरले आणि डोंगर चढून गेले, असं सांगतात. त्या खडकांच्या पोटात, वारापावसाने कोरलेल्या आडोशांत, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं होती. भीमबेटका जगाला माहीत झालं ते तिथून.

वाकणकरांचा जन्म १९१९ मध्ये नीमचला मराठी घरात झाला आणि त्यांची कर्मभूमी होती उज्जैन. माळव्यात ते हरिभाऊ म्हणूनच ओळखले जात. ते आधी चित्रकार आणि मग पुरातत्त्वज्ञ, हे लक्षात घेतल्याशिवाय हा शोध नीट कळत नाही, असं मला वाटतं. कारण हा डोंगर तोपर्यंत कागदावर आलेलाच नव्हता, असं नाही. १८८८ मध्ये किनकेड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भोजपूरच्या जुन्या तलावाबद्दल लिहिताना स्थानिक आदिवासींकडून ऐकलेल्या माहितीवरून भीमबेटकाचा उल्लेख केला होता, पण बौद्ध अवशेषांची जागा म्हणून. गावकऱ्यांना तर ही जागा पिढ्यानपिढ्या माहीत होती. भीम जिथे बसला ती भीमाची बैठक, म्हणून भीमबेटका. ठिकाण ठाऊक, नाव ठाऊक, तरी चित्रांची दखल घ्यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

भारतातल्या शैलचित्रांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडलं. पहिली गोष्ट मिर्झापूरकडची. पुरातत्त्व खात्यातले आर्किबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ मध्ये कैमूरच्या डोंगरात सोहागीघाटजवळ खडकांवर रंगवलेली चित्रं दिसली. त्यांनी नुसती चित्रं पाहून पाठ फिरवली नाही, गुहेची जमीनही उकरून पाहिली. न विस्कटलेल्या मातीत बारीक दगडी हत्यारांच्या सोबतीने गेरूचे तुकडे मिळाले. घासून घासून त्यांच्या कडांना सपाट पैलू पडले होते, जणू कोणीतरी रंग उगाळून उरलेला खडा तिथेच ठेवून गेलं होतं. हत्यारं आणि गेरू एकाच थरात, म्हणजे चित्रांपैकी काही तरी त्या हत्यारांइतकीच जुनी, हे कार्लाइल यांना तिथेच उमगलं. पण त्यांनी फारसं छापलं नाही. टिपणं एका मित्राकडे राहिली आणि त्यांतला मजकूर १९०६ मध्ये व्हिन्सेंट स्मिथ यांनी प्रसिद्ध केला.

दरम्यान स्पेनमध्ये १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला अल्तामिराच्या गुहेत जमीन खणत असताना त्यांच्या लहान मुलीने, मारियाने, वर पाहिलं आणि तिला छतावरचे रानबैल दिसले. साउतुओलांनी पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं, तर मोठमोठ्या विद्वानांनी त्यांना वेड्यात काढलं. हिमयुगातला माणूस इतकं सुंदर काढूच शकत नाही, हा त्यांचा ठाम समज. विरोधकांत आघाडीवर असलेल्या एमिल कार्ताइयाक यांनी १९०२ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली, पण साउतुओला १८८८ मध्येच गेले होते. अल्तामिराचं नाव आज जगभर झालं. त्याच्या अकरा-बारा वर्षं आधीचं सोहागीघाट किती जणांना माहीत आहे? मनाला लागतं ते.

भीमबेटकाच्या बाबतीत मात्र काम थांबलं नाही आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. वाकणकरांचं शैलचित्रांवरचं संशोधन पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झालं. १९७० च्या दशकात वाकणकरांनी इथे उत्खनन केलं, तसंच डेक्कन कॉलेजचे वी. एन. मिश्र यांनीही. मिश्रांनी खणलेल्या एकाच शैलाश्रयात, म्हणजे खडकाच्या आडोशात, अश्युलियन म्हणजे फार जुन्या अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातल्या नखाएवढ्या हत्यारांपर्यंतचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे ही काही कोणाची एखाद्या वेळच्या मुक्कामाची जागा नव्हती. लाखभर वर्षांहून जुन्या काळापासून माणूस इथे पुन्हा पुन्हा राहिला होता. पुढे यशोधर मठपाल यांनी डेक्कन कॉलेजमधूनच इथल्या चित्रांवर अभ्यास केला आणि एकेका खडकासमोर बसून त्यांच्या जलरंगातल्या नकला केल्या. या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतल्या चारशेच्या आसपास आडोशांत चित्रं आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं.

चित्रांत बहुतेक तांबडा आणि पांढरा रंग दिसतो. तांबडा तोच, गेरूचा. गवे, हरणं, वाघ, रानडुकरं, नाचणाऱ्या माणसांच्या रांगा. काही जनावरांच्या अंगाच्या आत रेघा भरल्या आहेत आणि क्वचित गाभण मादीच्या पोटातलं पिल्लूही काढलं आहे. बाहेरून न दिसणारं, पण शिकार कापताना रोज हाताळलेलं असं ते ज्ञान आहे. नंतरच्या थरांत घोडेस्वार आणि तलवारी येतात.

वय ठरवणं मात्र अवघड. गेरू म्हणजे लोहयुक्त खनिज, त्यात कार्बन नसतो, त्यामुळे कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बनची पद्धत त्यावर थेट चालत नाही. मग कोणतं चित्र कोणावर आलं, त्यात काय दाखवलं आहे, खालच्या मातीत काय मिळालं, यावरून क्रम लावावा लागतो. बरीचशी चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार वर्षांच्या अलीकडची मानतात. काही हिरव्या आकृती त्याहून खूप जुन्या असल्याचं वाकणकरांचं मत होतं. ते सर्वांनी स्वीकारलेलं नाही. वारली चित्रांतले त्रिकोणी देह पाहून थेट भीमबेटकाशी नातं जोडलं जातं, तेही मला घाईचं वाटतं. आकार सारखा असला म्हणून मधल्या हजारो वर्षांचा धागा सापडला, असं होत नाही.

चित्रकला युरोपातच जन्मली, हा जुना समज आता टिकलेला नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेतलं डुकराचं चित्र निदान ५१,२०० वर्षांचं असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. तिथे चित्रावर साचलेल्या चुन्याच्या पापुद्र्यामुळे वय काढता आलं.

भीमबेटकाला आज पर्यटकांना पंधराएक शैलाश्रयच पाहता येतात. त्यांतल्या जनावरांनी भरलेल्या एका खडकाला ‘झू रॉक’ म्हणतात. त्यासमोर थोडा वेळ उभं राहिलं की डोळे सरावतात आणि एका चित्राच्या खालून दुसरं जनावर वर येऊ लागतं. नव्याने काढणाऱ्याने जुनं पुसून जागा केलेली नाही, त्याच्यावरूनच आपलं काढलं आहे.