मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावरचे तास कसे मोजायचे

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील तिकीट पाहून हमखास विचारतात, "रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? सहाच तास?"

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणून जुलैचं तिकीट असेल तर त्या सहा तासांत साडेनऊ मिळवा. प्रवास साडेपंधरा तासांचा. परतीला हेच साडेनऊ वजा करायचे. तिथून सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई, म्हणजे विमानात साडेचौदा तास.

येताना वेळ कमी लागतो तो वाऱ्यामुळे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा: तो रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलंडच्या जवळून जातो. जवळचा मार्ग तोच, पण विमानाला तो नेहमी मिळतोच असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं भारतीय कंपन्यांना. वळसा पडला की तास वाढतात, म्हणून किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नका.

आमचं स्पष्ट मत: सत्तरीपुढच्या प्रवाशांनी, परवडत असेल तर, थेट विमानच घ्यावं. दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदललं तर एकूण प्रवास सहज वीस तासांच्या पुढे जातो, शिवाय मोठ्या विमानतळावरची पायपीट. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल तर हे नीट वाचा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं, सामान स्वतः पट्ट्यावरून उचलावं लागतं आणि कस्टम्सनंतर पुन्हा विमान कंपनीकडे द्यावं लागतं. बॅगेवर डॅलसचा टॅग असला तरीही. म्हणून पुढच्या विमानासाठी आम्ही किमान तीन तास ठेवतो. दीड तासाचं स्वस्त जोडतिकीट मागितलंत तर आधी हेच समजावून सांगू. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीलाच उरकतं.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी हा कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावा आणि दोन डोसांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते लिहून घ्यावं. औषधं आणि त्यांची चिठ्ठी केबिन बॅगेतच ठेवा.